तक्रार एकाची, बिघाड दुसऱ्याचा: गाडीतल्या संवादाचा छोटा इतिहास

मागच्या पावसाळ्यात माझ्या मामाच्या गाडीला एक विचित्र रोग जडला. भाईंदरहून काशिमीऱ्याकडे येताना गाडी खड्ड्यात आपटली की स्पीडोमीटर धपकन शून्यावर यायचा, एबीएसचा आणि स्टीअरिंगचा दिवा लागायचा. दोन-चार सेकंदांत सगळं पुन्हा ठीक. एका गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, यू०१२१ हा कोड वाचला आणि निकाल दिला: एबीएसचा मॉड्यूल गेला, नवा टाका. खर्च पाच आकडी. मामा पैसे भरायला निघालाच होता.

दुरुस्तीचा इतिहास हा माझा अभ्यासाचा विषय, त्यामुळे मी मध्ये तोंड घातलं. यू०१२१ चा अर्थ 'एबीएस मॉड्यूल खराब' असा नाहीच. त्याचा अर्थ 'एबीएस मॉड्यूलशी संपर्क तुटला' एवढाच. आणि हे म्हणणं एबीएसचं नसून दुसऱ्याच कोणाचं तरी आहे. हा फरक कुठून आला हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी घ्या. तिच्यात कॉम्प्युटर नावाची वस्तूच नव्हती. पॉइंट जळले, कार्बोरेटरमध्ये कचरा अडकला, वायर तुटली, म्हणजे बिघाड कुठेतरी एका जागी बसलेला असायचा आणि मेकॅनिक कानाने, हाताने, टेस्ट लॅम्पने तो शोधायचा. पुढे इंजिन, ब्रेक, गिअर यांना वेगवेगळे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल आले. प्रत्येकाला दुसऱ्याकडची माहिती हवी, म्हणून वायरींची संख्या वाढत गेली. जर्मनीतल्या बॉश कंपनीने १९८३ च्या सुमारास यावर काम सुरू केलं आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइटच्या अधिवेशनात 'कॅन' ही पद्धत मांडली. एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारा, त्यावर सगळे मॉड्यूल. १९८७ मध्ये इंटेलची पहिली कॅन चिप आली, १९९३ मध्ये आयएसओ ११८९८ हे मानक.

इथे थोडं थांबा, कारण सगळी मेख इथे आहे. कॅनच्या संदेशावर 'कोणाकडून, कोणाला' असा पत्ता नसतो. असतो तो विषयाचा क्रमांक: हा चाकांचा वेग, हे इंजिनाचे फेरे. चावडीवर दवंडी पिटावी तसं. ज्याला हवं त्याने ऐकावं. पाठवणाऱ्याला 'कोणीतरी ऐकलं' एवढीच पोच मिळते, कोणी ते कळत नाही. मग एखादा मॉड्यूल गप्प झाला तर कळणार कसं? ऐकणाऱ्याला. ठरलेल्या वेळेत संदेश आला नाही की तो आपल्या वहीत नोंद करतो. म्हणजे 'यू' ने सुरू होणारे कोड बहुतेक वेळा वाट पाहणाऱ्याने लिहिलेले असतात. मामाच्या गाडीत इंजिन, मीटर आणि स्टीअरिंग अशा तिघांनी एबीएसकडे बोट दाखवलं होतं. तीन साक्षीदार एकमताने बोलतायत म्हटल्यावर कोणीही फसेल! पण तिघांना माहीत होती ती फक्त शांतता.

आपल्याकडे हे ज्ञान गॅरेजमध्ये शिरलं ते कायद्याच्या रेट्याने. एप्रिल २०१० पासून मुंबईसह १३ शहरांत भारत स्टेज चारचे निकष आले. त्याच वर्षी गाडीने स्वतःच्या बिघाडाची नोंद ठेवण्याची, म्हणजे ओबीडीची, सक्ती सुरू झाली आणि २०१३ पासून ती आणखी कडक झाली. पद्मिनीवर हात बसलेल्या लोकांना स्कॅनर विकत घ्यावा लागला. स्कॅनर आला, पण त्याचं म्हणणं तपासून घ्यायची सवय सगळ्यांना लागली असं नाही.

ज्यांना लागली त्यांपैकी एक उस्ताद हायवेलगतच्या एका गॅरेजमध्ये भेटले. कोड बघून म्हणाले, "हे ठीक आहे, पण लिहिलंय कोणी ते सांग." मग बॅटरीची वायर काढली आणि डॅशबोर्डखालच्या सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर मल्टीमीटर लावला. कॅनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो. दोन्ही समांतर, म्हणून निरोगी गाडीत ६० च्या आसपास दिसतं. १२० दिसलं तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आलं तर तारा एकमेकींना चिकटल्यात. आकडा आला ६०. मी जरा हिरमुसलोच. उस्तादांनी पोऱ्याला बॉनेटखालचं वायरिंग एकेक करून हलवायला सांगितलं. एबीएसच्या कपलरला हात लागला आणि आकडा १२० वर उडाला. सोडला, पुन्हा ६०. त्या गाडीत दुसरा रोधक एबीएसच्या मॉड्यूलमध्येच होता.

आता दोष कपलरचा की आतल्या बोर्डाचा, हे एवढ्याने ठरत नाही. कपलर उघडला तर एका पिनेवर हिरवट गंज. मिठागरांच्या गावातली खारी हवा आणि वर चार महिन्यांचा पाऊस, तांब्याचं दुसरं काय होणार? पिन बदलली, कपलर कितीही हलवला तरी ६०. मॉड्यूल जुनाच, आणि आज वर्ष होत आलं, दिवा लागलेला नाही.

संशोधनाकडे वळणाऱ्यांसाठी एक अडचण सांगतो, माझी स्वतःची. दुरुस्तीचा इतिहास लिहायला पुरावा लागतो, आणि गॅरेजची रीत अशी की काम झालं की आधी कोड पुसायचे. दिवा गेला, गिऱ्हाईक खूश. कोणत्या मॉड्यूलने काय लिहिलं होतं, कितव्यांदा लिहिलं होतं, सगळं गेलं. कंपन्यांची मानकं विकत तरी मिळतात, हे मिळत नाही. म्हणून गॅरेजमध्ये जाल तेव्हा पोचल्या पोचल्या स्कॅनरच्या पडद्याचा फोटो मागून घ्या, गप्पा नंतर. मी त्या दिवशी उलट केलं. चहा संपवून फोन बाहेर काढेपर्यंत उस्तादांनी कोड क्लिअर केले होते. वहीत माझ्याकडे तीनच आकडे आहेत: ६०, १२०, ६०.