जहाजाचा रंग आणि खलाशाचा श्वास

आमच्या कोकणातल्या बऱ्याच मुसलमान घरांतून माणसं जहाजावर जात. माझे नाना खलाशी होते. ते सांगत, बंद टाकीत उतरून रंग देणं सगळ्यांत वाईट काम. वर आल्यावर डोकं गरगरायचं. रंगातलं द्रावक हवेत उडतं आणि श्वासावाटे रक्तात जातं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

जहाजाला लेप देण्यामागे चिंता असे ती जहाजाचीच. १७६१ साली लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून वाचण्यासाठी ब्रिटिश आरमाराने 'अलार्म' जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. विसाव्या शतकात कथिलाचं संयुग असलेले टीबीटी रंग आले. तळ स्वच्छ राहिला, पण फ्रान्सच्या आर्काशाँ उपसागरातली कालवं बिघडली. १९८२ साली फ्रान्सने लहान बोटींवर हे रंग बंद केले. २००८ साली जागतिक करार लागू झाला.

कालवांची दखल घेतली गेली, ते योग्यच झालं. टाकीतल्या माणसाचं काय? पाण्यावर आधारलेल्या रंगात बऱ्याचशा द्रावकाची जागा पाणी घेतं. विषारी वाफ घटते, आगीचं भयही कमी होतं. पण दमट हवेत हा रंग उशिरा सुकतो आणि गोदीतला प्रत्येक जादा दिवस मालकाला महाग पडतो. नानांच्या श्वासाची किंमत मात्र कुठल्याच हिशेबात धरलेली नव्हती.