कासवांची शाळा आणि भाच्याची फी

परवा रात्री साडेदहाला ताईचा फोन आला. एवढ्या उशिरा फोन वाजला की काळजात धस्स होतंच, पण बातमी तशी काही नव्हती. "अरे, तू वाचत असतोस ना असलं काहीबाही, जरा याला समजाव," एवढं म्हणून तिने फोन भाच्याच्या हातात दिला. भाचेबुवांना फॉरेक्स ट्रेडिंगचा क्लास लावायचा आहे. आठ आठवडे, शनिवार-रविवार, फी ८५,००० रुपये. मग साठवलेले लाखभर रुपये घालून सुरुवात करायची आणि दोन वर्षांत नोकरीला रामराम ठोकायचा, असा एकूण बेत.

मी म्हटलं, अरे एवढी फी कशाला? त्यावर पठ्ठ्याने जे उत्तर दिलं त्यासाठीच हा लेख लिहायला बसलो आहे. म्हणाला, "मामा, ट्रेडिंग शिकवता येतं हे सिद्ध झालंय. टर्टल ट्रेडर्स वाच."

आता टर्टल ट्रेडर्स हा माझ्या आवडीचा विषय. त्यामुळे मी फोनवरच पाऊण तास बोललो आणि ताईने शेवटी "त्याला उद्या ऑफिस आहे" म्हणून फोन काढून घेतला. जे सांगायचं राहिलं ते इथे लिहितो. भाचा हा ब्लॉग वाचतो (असं तो म्हणतो).

गोष्ट शिकागोची. रिचर्ड डेनिस नावाच्या पोराने १९७० च्या सुमारास घरच्यांकडून १,६०० डॉलर उसने घेतले. त्यातले १,२०० एका छोट्या कमॉडिटी एक्स्चेंजवरची सीट घेण्यात गेले. उरले ४००. त्या चारशेचे त्याने पुढच्या दहा-बारा वर्षांत कोट्यवधी डॉलर केले. त्याचा शाळेपासूनचा मित्र विल्यम एकहार्ट, गणिताचा माणूस. या दोघांचा एक वाद वर्षानुवर्षं चालला होता. डेनिसचं म्हणणं, मी जे करतो ते कुणालाही शिकवता येईल. एकहार्टचं म्हणणं, छे, ते अंगातच असावं लागतं. आपल्याकडे गाणं घराण्यातून येतं की रियाजाने, यावर रात्र रात्र वाद चालतात, त्यातलाच प्रकार. फरक एवढाच की डेनिसकडे वाद मिटवण्यापुरते पैसे होते. सिंगापूरला त्याने कासवांची पैदास करणारं केंद्र पाहिलं होतं. तशीच आपण ट्रेडर्सची पैदास करू, असं तो म्हणाला. म्हणून ही 'कासवं'.

१९८३ च्या शेवटी वॉल स्ट्रीट जर्नल वगैरे वर्तमानपत्रांत जाहिरात आली. अनुभवाची अट नाही, शिकागोला येऊन राहायचं. हजाराहून जास्त अर्ज आले. त्यातून चाळणी लावून पहिल्या तुकडीत १३ जण राहिले, पुढच्या वर्षी आणखी एक तुकडी. त्यांत एक जण नट होता, एक ब्लॅकजॅक खेळणारा, एक जण खेळ तयार करणाऱ्या कंपनीतला. दोन आठवडे शिकवलं आणि १९८४ च्या जानेवारीत कासवं बाजारात सोडली.

काय शिकवलं? इथेच खरी गंमत आहे. गेल्या २० दिवसांतला सगळ्यांत वरचा भाव ओलांडला की घ्यायचं, सगळ्यांत खालचा मोडला की विकायचं. दुसरी जरा संथ पद्धत ५५ दिवसांची. भाव रोज किती हेलकावे खातो ते मोजून त्या प्रमाणात माल कमी-जास्त करायचा. एका सौद्यात खात्यातल्या साधारण दोन टक्क्यांहून जास्त पैसे पणाला लावायचे नाहीत. बस्स. बहुतेक सौदे थोड्या तोट्यात मिटायचे आणि वर्षाकाठी दोन-चार मोठ्या लाटा सगळी भरपाई करून जायच्या.

आणि हो, ही कासवं चलनांचे सौदेसुद्धा करायची. जर्मन मार्क, स्विस फ्रँक, येन, पाउंड. म्हणजे भाच्याने दिलेलं उदाहरण अगदीच गैरलागू नाही. त्यात १९८५ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांच्या अर्थमंत्र्यांनी डॉलर खाली आणायचं ठरवलं आणि पुढची दोनेक वर्षं डॉलर घसरतच राहिला. एकाच दिशेने एवढा लांब चाललेला प्रवास म्हणजे या पद्धतीला पर्वणीच. पाचेक वर्षांत कासवांनी मिळून १७ कोटी डॉलरच्या वर कमावले असं सांगितलं जातं. डेनिस वाद जिंकला.

मग भाच्याचं काय चुकलं?

त्या जाहिरातीत एक ओळ होती, ती क्लासवाले सांगत नाहीत. निवडलेल्यांनी फक्त डेनिससाठी ट्रेडिंग करायचं, आणि त्यांना नफ्यातला वाटा मिळेल, शिवाय थोडी उचल. हा वाटा १५ टक्के होता. फी नव्हती! उलट महिनाभर बरं काम करून दाखवल्यावर डेनिसने त्यांच्या हाती स्वतःचे लाखो डॉलर दिले. विद्यार्थी बुडाला तर गुरुजी बुडणार होते. हजारातून तेरा निवडायची तसदी त्याने घेतली ती त्यासाठीच. फी घेणाऱ्याला कुणालाही नाकारायची गरज नसते.

आणि हे लक्षात घ्या, एवढं करूनही, तेच नियम, तीच खोली, तोच गुरू असूनही सगळ्या कासवांचे आकडे सारखे आले नाहीत. लागोपाठ आठ-दहा सौद्यांत तोटा झाल्यावर अकरावा सौदा तितक्याच निमूटपणे करणं सगळ्यांना जमत नाही. डेनिस स्वतःच एकदा म्हणाला होता की माझे नियम पेपरात छापले तरी लोक ते पाळणार नाहीत. खुद्द डेनिसलाही १९८८ मध्ये मोठा फटका बसला आणि त्याने दुकान आवरतं घेतलं. हे सांगितल्यावर भाचा गप्प झाला. त्याच्या व्हिडिओत गोष्ट १९८७ च्या अलीकडेच संपते बहुधा.

पुढचा भाग मला जास्त बोलका वाटतो. दहा वर्षं नियम कुणाला सांगायचे नाहीत असं कासवांकडून लिहून घेतलं होतं. ती मुदत सरल्यावर तेच नियम विकत मिळू लागले, हजारो डॉलरला. ते पाहून कर्टिस फेथ नावाच्या कासवाने (डेनिसकडे आला तेव्हा तो १९ वर्षांचा होता) २००३ मध्ये सगळे नियम इंटरनेटवर फुकट टाकून दिले. म्हणजे शिकागोचा तो मौल्यवान अभ्यासक्रम गेली वीसेक वर्षं कुणालाही मोफत वाचता येतो. भाच्याच्या क्लासचं वेळापत्रक मी पाहिलं. तिसऱ्या आठवड्यात 'ब्रेकआउट', पाचव्यात 'पोझिशन सायझिंग'!

शिकून तरी किती जण टिकतात? ब्राझीलच्या तीन अभ्यासकांनी शेअर निर्देशांकाच्या फ्यूचर्समध्ये रोजचे सौदे करणाऱ्यांची नोंद तपासली. तीनशेहून जास्त दिवस चिकाटीने टिकलेल्यांतले ९७ टक्के तोट्यात होते, म्हणजे अनुभवानेही फारसं कुणी शहाणं झालं नव्हतं. युरोपात २०१८ मध्ये नियामकांनी उधारीवरच्या अशा सौद्यांवर बंधनं आणली तेव्हा त्यांच्या पाहणीत ७४ ते ८९ टक्के किरकोळ खाती तोट्यात निघाली. आपल्या सेबीचा २०२४ चा अहवाल शेअर बाजारातल्या फ्यूचर्स-ऑप्शन्सचा आहे, चलनाचा नाही, पण तिथेही तीन वर्षांत ९३ टक्के लोकांचे पैसे गेले. अमेरिकेत ५०,००० डॉलरपर्यंत फी घेणाऱ्या ऑनलाइन ट्रेडिंग अकॅडमीवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२० मध्ये खटला भरला. कमाईचे दावे निराधार आहेत, हा आरोप. त्याच वर्षी तडजोड झाली.

आता भाच्याचा हिशोब. लाखाच्या भांडवलावर ८५ हजार फी, म्हणजे पहिले ८५ टक्के कमावले की गाडी शून्यावर! आणि क्लासवाले ज्या परदेशी ॲपवर शिकवतात तिथे शंभरपट उधारी मिळते. शंभरपट उधारीत भाव एक टक्का उलटा गेला की खातं साफ. कासवांचा दोन टक्क्यांचा नियम तिथे पाळायचा म्हटला तर त्या उधारीला हातच लावता येणार नाही.

अजून एक, आणि हे ताईने नीट वाचावं. भारतात राहणाऱ्याने परदेशी ॲपवर असे सौदे करण्यासाठी मार्जिनचे पैसे पाठवणं परकीय चलन कायद्यात बसत नाही. रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या सप्टेंबरमध्ये अशा अनधिकृत ३४ नावांची यादीच लावली, आणि ती नंतर वाढत गेली. इथल्या एक्स्चेंजवर २००८ पासून रुपया-डॉलरचे सौदे होतात खरे, पण २०२४ मध्ये बँकेने बजावलं की त्या चलनाशी तुमचा खरा काही व्यवहार असेल तरच रुपयाच्या सौद्यात या.

यावरून आठवलं. १९६७ साली पाउंड पडणार अशी मिल्टन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञाची खात्री होती, म्हणून तो पाउंड विकायला शिकागोच्या बँकांत गेला. बँका म्हणाल्या, तुमचा धंद्यासाठी काही संबंध आहे का? नाही? मग नाही. त्या नोव्हेंबरात पाउंडचं अवमूल्यन झालं आणि फ्रीडमन हात चोळत बसला. शिकागोत १९७२ मध्ये चलनांच्या फ्यूचर्सचा बाजार उघडला, त्याच्या बाजूने लेख लिहून देण्याचे त्याने रोख पैसे घेतले. या सगळ्या कहाणीत सौदा न करता पक्के पैसे मिळवणारा तो एकटाच दिसतो मला. बाकी क्लासवाले.

असो. माझं मत ताईला सांगून झालंय: ८५ हजार सोड, या क्लासला साडेआठशेही देऊ नयेत. पण भाच्याला नुसतं 'नको' म्हणून उपयोग नाही, हे मामा झाल्यापासून कळलंय. म्हणून त्याला एकच सुचवलं. क्लासच्या सरांना विचार, डेनिसच्या पद्धतीने करूया का? फी शून्य, भांडवल तुमचं, नफ्यातले १५ टक्के माझे, ८५ तुमचे.

त्याने खरंच विचारलं! उत्तर आलं की सवलत फक्त रविवारपर्यंत आहे आणि तीनच जागा उरल्यात.

रविवार गेला. आज सकाळी भाच्याने नवा मेसेज पुढे पाठवलाय. सवलत आठवडाभर वाढली आहे.