हौशी वृक्षारोहणाची जन्मकथा

झाडावर चढणें कोणाला शिकवावें लागत नाहीं. वडाच्या झाडावर सूरपारंब्या खेळणारीं मुलें कोणाची शिकवणी घेऊन वर जात नाहींत. आणि कोंकणांतील पाडेली माडाच्या उभ्या सोटावर ज्या सहजतेनें चढतो ती पाहून शहरवासी मनुष्य थक्क होतो. परंतु मुलांचें चढणें हा खेळ असतो आणि पाडेल्याचें चढणें हा धंदा असतो. प्रौढ माणसांनीं पोटासाठीं नव्हे, तर निव्वळ आनंदासाठीं, उंच वृक्षावर चढावें, त्यासाठीं खास साधनें वापरावींत आणि नियम ठरवून ती विद्या दुसऱ्यांस शिकवावी, हा प्रकार मात्र अगदीं अलीकडचा आहे. त्याचा जन्म अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. त्याचा इतिहास म्हणजे दोन जीवांना एकाच वेळीं जपावयास शिकण्याचा इतिहास होय. त्यांतील एक जीव चढणाऱ्याचा, व दुसरा झाडाचा.

या कथेचा आरंभ वृक्षवैद्यांच्या धंद्यांत सांपडतो. १८४६ सालीं इंग्लंडांत जन्मलेला जॉन डेव्ही नांवाचा माळी अमेरिकेंत जाऊन ओहायओ संस्थानांतील केंट या गांवीं स्थायिक झाला. झाड सजीव आहे व त्याच्या जखमांवर उपचार करतां येतात, हें त्याचें आवडतें प्रतिपादन असे. १९०१ सालीं त्यानें 'द ट्री डॉक्टर' हें पुस्तक प्रसिद्ध केलें आणि १९०९ सालीं त्याच्या नांवाची कंपनी निघाली. अशा वृक्षवैद्यांना वाळक्या फांद्या कापण्यासाठीं पार शेंड्याजवळ जावें लागे. तेथपर्यंत शिडी पोंचत नसे. तारायंत्राच्या खांबांवर चढणारे कामगार पायांना लोखंडी कांटे बांधीत, ते झाडावरहि चालत. पण खांब मेलेला असतो आणि झाड जिवंत असतें, हा फरक कांट्याला कळत नाहीं.

सालीच्या लगत आंतल्या बाजूस कँबियम नांवाचा एक अतिशय पातळ थर असतो. बाहेरच्या अंगास नवी साल व आंतल्या अंगास नवें लाकूड, हीं दोन्ही तोच निर्माण करतो. कांटा रुतला म्हणजे त्या थराला भोंक पडतें आणि त्या वाटेनें बुरशी आंत शिरते. येथें कोणी विचारील, कीं कोंकणांत माडाला खाचा पाडून चढतात. मग माडाला जें चालतें तें ओकला कां चालूं नये? याचें उत्तर असें, कीं माडाच्या सोटांत कँबियमचा असा थरच नसतो. त्याच्या रसवाहिन्या खोडभर विखुरलेल्या असतात. त्याची जखम भरून येत नाहीं हें खरें, परंतु थोड्याशा खाचांनीं त्याचा रसमार्ग तुटत नाहीं. ओक, मेपल यांसारख्या वृक्षांचा सर्व व्यवहार मात्र सालीखालच्या त्या नाजूक पडद्यावर अवलंबून असतो. म्हणून जिवंत झाडाच्या छाटणीला कांटे नकोत, दोर हवा, हें जाणत्या वृक्षवैद्यांना पटलें.

दोराची युक्ति मोठी सुरेख आहे. दोर मजबूत फांदीवरून टाकावयाचा, त्याचें एक टोंक कमरेच्या पट्ट्याला बांधावयाचें आणि त्या टोंकाची उरलेली शेपटी दोराच्या दुसऱ्या पदराभोंवतीं गुंडाळून गाठ घालावयाची. ही गाठ हातानें वर सरकवितां येते, पण शरीराचा भार येतांच ती दोराला घट्ट धरून बसते. उणीव होती ती दोराची. तो फिलिपाईन्समधील अबाका नांवाच्या, केळीच्या जातीच्या झाडाच्या तंतूंचा असे. ओल लागली म्हणजे तो आंतून कुजे, आणि बाहेरून धडधाकट दिसे. ज्या वस्तूवर जीव टांगावयाचा तिनें असें फसवावें, यापरतें दुसरें संकट कोणतें?

ही उणीव दुसऱ्याच क्षेत्रांतील लोकांनीं भरून काढली. १९३५ सालीं अमेरिकेंतील डू पाँट कंपनींत वॉलेस कॅरोदर्स या रसायनशास्त्रज्ञानें नायलॉन तयार केलें. हा तंतु कुजत नाहीं आणि धक्का बसला तर थोडा ताणून तो सोसतो. १९५३ सालीं जर्मनींतील एडेलरिड या कंपनीनें आंत तंतूंचा गाभा आणि बाहेर विणलेलें वेष्टण असा गिर्यारोहणाचा दोर बनविला. गाठींच्या बाबतींतहि असेंच घडलें. ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यानें बारीक दोरीचा फास जाड दोराभोंवतीं गुंडाळून दोरावर चढण्याची गाठ १९३१ सालीं प्रसिद्ध केली होती. १९५८ सालीं स्वित्झर्लंडांत यूसी व मार्टी या दोघांनीं तेंच काम करणारें दांतेरी पकडीचें यंत्र काढलें. दोघांच्या नांवांचीं आद्याक्षरें जोडून त्याला जुमार हें नांव मिळालें.

हीं साधनें घेऊन वृक्षांच्या माथ्यावर प्रथम धांव घेतली ती शास्त्रज्ञांनीं. डोनाल्ड पेरी यानें १९७० नंतरच्या दशकांत कोस्टारिकाच्या अरण्यांत बाणाला बारीक दोरा बांधून तो उंच फांदीपलीकडे सोडला, दोऱ्यामागून दोर ओढून घेतला, आणि त्या दोरानें तो वर गेला. नलिनी नाडकर्णी यांचे वडील भारतांतून अमेरिकेंत गेलेले. वॉशिंग्टन संस्थानांतील ओल्या अरण्यांत मेपल वृक्षांच्या फांद्यांवर शेवाळाचे जाड थर सांचतात. ते उकलून पाहतां नाडकर्णी यांना असें दिसलें, कीं तो मेपल स्वतःच्याच फांद्यांना मुळें फोडून तीं या थरांत सोडतो. १९८१ सालीं 'सायन्स' या नियतकालिकांत त्यांनीं हा शोध मांडला. जमिनीवर उभें राहून हें कोणालाहि दिसलें नसतें.

हौसेचा संप्रदाय सुरू केला तो पीटर जेंकिन्स यानें. तो आधीं कडे चढणारा, पुढें धंद्यानें वृक्षवैद्य. १९८३ सालीं जॉर्जिया संस्थानांतील अॅटलांटा शहरीं त्यानें ट्री क्लाइंबर्स इंटरनॅशनल ही संस्था काढली आणि सामान्य नागरिकांस झाडावर चढावयास शिकविण्यास आरंभ केला. दोर, पट्टा, गाठ हें सर्व धंद्यांतलेंच होतें. करवत तेवढी वगळली, आणि कांटे वर्ज्य ठरले.

त्या विद्येचा क्रम पाहण्यासारखा आहे. प्रथम झाडाची परीक्षा करावयाची: खोडाला पोकळी आहे काय, बुंध्याशीं बुरशीचीं छत्रें उगवलीं आहेत काय, वर वाळकी फांदी अडकून राहिली आहे काय, जवळून विजेची तार जाते काय. मग शिशाच्या गोळ्यांची लहान पिशवी बारीक दोरीला बांधून हातानें किंवा मोठ्या गलोलीनें फांदीच्या बेचक्यांतून पलीकडे टाकावयाची आणि तिच्यामागून दोर ओढून घ्यावयाचा. दोर साधारण अर्धा इंच जाडीचा असतो. तो दुपदरी वापरावयाचा असल्यामुळें १५० फूट दोराला ७० फुटांपलीकडची फांदी सहसा चालत नाहीं. चढण्यापूर्वीं दोघांनीं एकदम त्याला लोंबकळून फांदीची खात्री करून घ्यावयाची. डोक्यावर शिरस्त्राण, कमरेला व मांड्यांना रुंद पट्टे. दोन फूट दोर ओढावा तेव्हां मनुष्य एक फूट वर जातो. पण त्यामुळें हातांवर भार कमी येतो व बेताच्या शक्तीचा मनुष्यहि वर पोंचतो. दोर घासून फांदीची साल सोलूं नये म्हणून बेचक्यांत चामड्याची किंवा इतर मजबूत वस्तूची नळी बसवितात. एका फांदीवरून दुसरीवर जावयाचें असेल, तर दुसरा बंध बांधल्याखेरीज पहिला सोडावयाचा नाहीं. हा शेवटचा नियम सर्वांत थोर समजला जातो.

या छंदाची आवडती गाठ ब्लेकची गाठ या नांवानें ओळखली जाते. दोराच्या शेपटीचे चार वेढे वरच्या दिशेनें द्यावयाचे व टोंक खालच्या दोन वेढ्यांखालून काढावयाचें. १९९४ सालीं अमेरिकन वृक्षवैद्य जेसन ब्लेक यानें ती आपल्या धंद्याच्या मासिकांतून लोकांपुढें मांडली. पण ऑस्ट्रियाच्या हाइन्झ प्रोहास्का यानें ती १९८१ सालींच वर्णिली होती. दोघांनीं एकमेकांस न विचारतां एकच गाठ शोधली. तिच्यावरून भरभर खालीं घसरूं नये, असें शिष्यांना बजावतात. कारण घर्षणाच्या उष्णतेनें नायलॉन वितळूं लागतें, आणि मग जी गाठ जीव राखते तीच दगा देते.

दोर नसता तर काय झालें असतें, याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १९८७ सालीं स्टीव्ह सिलेट हा विद्यार्थी कॅलिफोर्नियांतील एका प्रचंड रेडवुड वृक्षावर दोरावांचून चढला. मोठ्या खोडाला हात पुरेना, म्हणून शेजारच्या लहान झाडावर चढून त्यानें तेथून उडी घेतली. सुदैवानें तो वांचला, आणि पुढें याच वृक्षांचा नामांकित अभ्यासक व प्राध्यापक झाला. पण नंतर तो चढूं लागला तो दोरानें. २००६ सालीं हायपेरियन या रेडवुडच्या शेंड्यावरून त्यानें फीत सोडली, तेव्हां उंची ११५.५५ मीटर भरली. त्या वेळेपावेतों मोजलेल्या जिवंत वृक्षांत तो सर्वांत उंच ठरला.

त्या वृक्षाचें ठिकाण शास्त्रज्ञांनीं गुप्त ठेविलें होतें. तरी तें फुटलें. पाहणाऱ्यांचे थवे लोटले, बुंध्याभोंवतालचे नेचे तुडवून नाहींसे झाले, माती दबून कठीण झाली. रेडवुडचीं मुळें उथळ असतात. त्यांना हें सोसत नाहीं. अखेर २०२२ सालीं राष्ट्रीय उद्यानाच्या अधिकाऱ्यांनीं तेथें जाण्यास मनाई केली, आणि ती मोडणाऱ्यास ५००० डॉलरपर्यंत दंड व सहा महिन्यांपर्यंत कैद ठरविली. शेंड्यापर्यंत जाणाऱ्या मोजक्या माणसांनीं त्या वृक्षाला जपण्याची रीत शिकून घेतली होती. बुंध्याशीं उभें राहून वर पाहणाऱ्या हजारोंना ती कोणी शिकविली नव्हती. वृक्षारोहणाची ही विद्या ज्यांना कधीं वर चढावयाचें नाहीं त्यांच्याहि उपयोगी पडण्यासारखी आहे, ती याच कारणानें.