पगार, पाक्स आणि शालोम

इस्राएलमध्ये जन्मलेल्या आपल्या मुलांच्या तोंडी ‘मास्कोरेत’ असते. आजी-आजोबा मात्र अजूनही ‘पगार झाला का?’ असेच विचारतात. हा शब्द अगदी घरचा वाटतो, पण तो फार लांबून आला आहे.

‘वेतन’ संस्कृतातले, ‘मुशाहिरा’ अरबीतला; ‘पगार’ मात्र पोर्तुगीजांबरोबर आला. त्यांच्या भाषेत ‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणे. पोर्तुगीज सोळाव्या शतकाच्या सुरुवातीलाच चौलला पोचले आणि रेवदंड्याचा कोट १७४० पर्यंत त्यांच्याकडे होता. अलिबागच्या आसपासची आपली गावे तेथून दूर नाहीत. पण शनिवार तेली म्हणून घाणा चालवणाऱ्या आपल्या पूर्वजांना पगार देणार कोण? अठराव्या शतकात आपले लोक मुंबईला जाऊन कंपनी सरकारच्या पलटणीत भरती होऊ लागले, तेव्हा ठरलेली रक्कम घरी येऊ लागली. १७९६ मध्ये मुंबईतले आपले पहिले सिनेगॉग बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर याच सैन्यात अधिकारी होते.

आता शब्दाचे मूळ पाहू. ‘पागार’ लॅटिन ‘पाकारे’ पासून आला. पाकारे म्हणजे शांत करणे. त्याच्या मुळाशी आहे ‘पाक्स’, म्हणजे शांतता. देणेकऱ्याने पैसे दिले की घेणेकऱ्याचे समाधान होते, तंटा मिटतो. म्हणून शांत करणे या अर्थाचे पुढे पैसे देणे झाले. इंग्रजी ‘पे’ आणि ‘पीस’ हे शब्दही याच कुळातले.

हिब्रूकडे वळलो की नवल वाटते. ‘शालोम’ म्हणजे शांती, ‘शालेम’ म्हणजे पूर्ण, आणि ‘लेशालेम’ म्हणजे पैसे देणे. लॅटिनशी हिब्रूचे नाते नाही, तरी शांती आणि देणे यांची सांगड दोन्हीकडे आहे. फरक एवढाच की हिब्रूत मधे ‘पूर्ण’ येतो: जे देणे आहे ते पुरते द्यावे, तेव्हाच शांती.

आपल्या तोरातही हाच विचार आहे. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवू नये, अशी आज्ञा वायिक्रात आहे. लाबानाने आपला मोबदला दहा वेळा बदलला अशी याकोबाची तक्रार बेरेशीतमध्ये आहे, आणि तेथे आलेला शब्द मास्कोरेतच. इस्राएलच्या १९५८ च्या वेतन संरक्षण कायद्यात पगार थकवण्याला ‘हालानात साखार’ म्हणतात, म्हणजे मजुरी रात्रभर ठेवून घेणे. शब्द थेट तोरातून आलेला आहे.

देणे नेहमी पैशांचेच असते असे नाही. १९६२ मध्ये रब्बीनेटने आपल्या लोकांच्या विवाहांसाठी आईकडच्या पिढ्यांची चौकशी लावली. आपल्या लोकांनी सैन्यात, शेतात, कारखान्यात काम केले होते. हवी होती ती मान्यता, तीही अर्धी नव्हे, शालेम. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणे धरले गेले. त्या ऑगस्टमध्ये बेने इस्राएल सर्व दृष्टींनी यहुदी आहेत असे क्नेसेटने जाहीर केले, तेव्हा कुठे वातावरण निवळू लागले.

म्हणून मुलांना ‘पगार’ शब्द शिकवताना त्याचा हा अर्थही सांगावा. मास्कोरेत त्यांना येतेच. पगारात शालोम दडला आहे, हे आपणच सांगायला हवे.