कणगी, पेव आणि क्लाउड

आपल्याकडे धान्य साठवायच्या दोन जागा असत. रोजच्या दळणाचे धान्य घरातल्या कणगीत, आणि पुढच्या सालासाठी राखून ठेवलेले जमिनीखालच्या पेवात. कणगीतून पायलीभर दाणे काढायला क्षण पुरे. पेव मात्र उघडले की आतली कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत थांबावे लागे. घाईने उतरणारा जिवाला मुके. धान्य कुठे ठेवायचे, हे ते परत कधी लागणार यावरून ठरत असे. व्यवसायासाठी सार्वजनिक क्लाउडवरील साठवण सेवांची तुलना करायला निघालेल्या वाचकाला मी याच प्रश्नाशी आधी थांबवू इच्छितो: ठेवलेले परत कधी लागणार, किती लागणार आणि किती घाईने?

या क्षेत्राचा इतिहास छोटा आहे. 14 मार्च 2006 रोजी ॲमेझॉनने एस-थ्री ही सेवा खुली केली. एक जीबी महिनाभर ठेवायला 15 सेंट आणि तेवढाच डेटा बाहेर न्यायला 20 सेंट, असा तिचा सुरुवातीचा दर होता. 2010 मध्ये मायक्रोसॉफ्टचे अझूर आणि गूगलची साठवण सेवा बाजारात उतरल्या. आज ॲमेझॉनच्या अमेरिकेतील मुख्य केंद्रात नेहमीच्या वापराच्या साठवणुकीचे भाडे सुमारे 2.3 सेंट आहे. इंटरनेटवरून बाहेर नेण्याचा पहिल्या टप्प्याचा दर मात्र 9 सेंट. भाडे एक-षष्ठांशाच्याही खाली आले, बाहेर काढण्याचा दर जेमतेम निम्म्यावर. माझ्या मते या विषयाचे मर्म या दोन उतारांतल्या फरकात आहे. 10 टीबी ठेवणाऱ्याला महिन्याला साधारण 230 डॉलर पडतात. तोच साठा एकदा पूर्ण बाहेर काढायचा म्हटले, तर जवळपास चार महिन्यांचे भाडे एका दमात जाते. म्हणून नुसत्या भाड्याची तुलना करणारा तक्ता मला नेहमी अपुरा वाटत आला आहे.

ही अडचण अभ्यासकांनी फार लवकर हेरली होती. बर्कले विद्यापीठातील संशोधकांनी 2009 मध्ये क्लाउडवर लिहिलेल्या अहवालात दहा अडथळे मांडले. डेटा एकाच कंपनीत अडकून पडणे हा त्यांतला एक, आणि डेटा हलवण्याची अडचण हा दुसरा. त्यांनी हिशेब करून दाखवला की सेकंदाला 20 मेगाबिट वेगाने 10 टीबी बर्कलेहून सिएटलला पाठवायला 45 दिवसांहून जास्त लागतील. डिस्क कुरियरने धाडल्या तर एक दिवस. नव्या अभ्यासकाने हा अहवाल जरूर वाचावा. आकडे जुने झाले असले तरी विचार करण्याची पद्धत आजही शिकण्यासारखी आहे. 2024 मध्ये गूगल आणि ॲमेझॉन यांनी सेवा सोडून जाणाऱ्या ग्राहकाकडून डेटा बाहेर नेण्याचे पैसे न घेण्याचे जाहीर केले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. रोजच्या ये-जा करणाऱ्या डेटाचे बिल त्याने कमी होत नाही.

दुसरी अडचण शब्दांची. ‘आर्काइव्ह’ हा एकच शब्द तिन्ही दुकानांत वेगळ्या मालाला लावला आहे. अझूरच्या आर्काइव्हमधली फाइल वाचण्याजोगी व्हायला 15 तासांपर्यंत लागू शकतात. ॲमेझॉनच्या डीप आर्काइव्हमध्ये नेहमीच्या मागणीला 12 तासांपर्यंत. ही दोन्ही खरी पेवे. गूगलच्या आर्काइव्हमधली फाइल मात्र क्षणात हाती येते. तिथे काढण्याचे पैसे वेगळे मोजावे लागतात आणि किमान मुदत 365 दिवसांची आहे, इतर दोघांकडे 180. मुदतीआधी फाइल पुसली तरी उरलेले भाडे द्यावे लागते.

आता एखाद्या सीएच्या कार्यालयाचा विचार करा. कंपन्यांच्या हिशेबाची पुस्तके कायद्याने आठ वर्षे जपावी लागतात. ती वर्षानुवर्षे कोणी उघडत नाही, पण नोटीस आली की त्याच दिवशी हवी असतात. अशा ठिकाणी स्वस्त पेव महागात पडते. शिवाय व्हाउचरच्या फाइली छोट्या असतात, आणि ॲमेझॉनच्या ‘क्वचित वापर’ वर्गात 128 केबीहून लहान फाइलीचेही बिल 128 केबीचेच लागते. लग्नाचे व्हिडिओ ग्राहकांना पाठवणाऱ्या स्टुडिओचे गणित याच्या अगदी उलट आहे. त्याला भाड्याची फारशी चिंता नको, बाहेर जाणाऱ्या डेटाची हवी.

टिकाऊपणा आणि उपलब्धता यांची गल्लत तर जाणकारही करतात. फाइल हरवणार नाही, याला टिकाऊपणा म्हणायचे. ती आत्ता मिळेल, याला उपलब्धता. 28 फेब्रुवारी 2017 रोजी देखभालीची एक आज्ञा चुकीची दिली गेली आणि एस-थ्रीचे व्हर्जिनियातील केंद्र सुमारे चार तास अडखळले. असंख्य संकेतस्थळे बंद पडली, पण ठेवलेला डेटा शाबूत होता. 10 मार्च 2021 ला स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीची इमारत जळाली, तेव्हा ज्यांच्या सगळ्या प्रती त्याच आवारात होत्या त्यांचा डेटा कायमचा गेला. मे 2024 मध्ये गूगल क्लाउडवरील चुकीच्या मांडणीमुळे ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीची एक खासगी क्लाउड व्यवस्था पुसली गेली. दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेला बॅकअप त्यांना सावरायला उपयोगी पडला.

जागेचा प्रश्न आपल्यासाठी बराच सुटला आहे. अझूरने 2015 मध्ये पुणे, चेन्नई आणि मुंबईत केंद्रे उघडली, ॲमेझॉन 2016 मध्ये आणि गूगल 2017 मध्ये मुंबईत आले. रिझर्व्ह बँकेने 2018 मध्ये देयक व्यवहारांचा डेटा भारतातच ठेवण्याचे बंधन घातले. 2022 च्या दुरुस्तीपासून कंपन्यांनी हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप रोज भारतातील सर्व्हरवर घ्यायचा आहे.

पुढील प्रकरणे वाणिज्य शाखेतल्या वाचकाला आणि संगणक शाखेतल्या वाचकाला सारखीच खुली राहावीत, असा प्रयत्न केला आहे. दर बदलतील, म्हणून आकड्यांपेक्षा हिशेबाच्या रीतीकडे लक्ष द्यावे. आणि पहिल्या प्रकरणाकडे वळण्याआधी एक काम कराच: आपल्या कार्यालयाची मागील तीन महिन्यांची बिले समोर घ्या, आणि सर्वांत जुन्या बॅकअपमधली एक फाइल आज परत काढून पाहा.