खर्जाची तार

भंडारा हे पितळेचे गाव. रतनपूरच्या जाजल्लदेवाच्या इ. स. १११४ च्या शिलालेखात ज्या मंडलांची नावे येतात, त्यांत ‘भाणार’ हे एक आहे, आणि ते म्हणजेच आपले भंडारा असे मानतात. ‘भाणे’ म्हणजे पितळेचे ताट, त्यावरून गावाला नाव पडले असे जुनी मंडळी सांगत. ही व्युत्पत्ती कसोटीला कितपत उतरेल हा वाद आज बाजूला ठेवू. पितळेची ख्याती मात्र खरी. आता स्वयंपाकघरात पाहाल तर पितळ जवळजवळ उठूनच गेले आहे. घागर, गुंड, परात सगळे स्टीलचे. पण घरातल्या एका जागी स्टीलला अजून शिरकाव मिळालेला नाही. ती जागा म्हणजे तंबोऱ्याची चौथी तार, खर्जाची तार.

माझे लक्ष या तारेकडे वळले ते घरच्या अडचणीमुळे. आमच्याकडे आईचा तंबोरा आहे, मिरजेचा. आई काळी चारमध्ये गात असे. ती गेल्यावर तंबोरा गवसणीत राहिला, आणि पुढे माझा मुलगा गाणे शिकू लागला तेव्हा तो पुन्हा बाहेर निघाला. मुलाचा आवाजही त्या वेळी काळी चारचाच. चौदाव्या वर्षी त्याचा आवाज फुटला आणि वर्षभरात काळी एकवर येऊन बसला. गुरुजींनी सांगितले, तंबोरा उतरवा. आम्ही खुंट्या सैल केल्या. सूर उतरला खरा, पण तंबोरा बोलेना. खर्जाची तार घोडीवर नुसती फडफडू लागली. कुणी म्हणाले, हा जनानी तंबोरा, मुलाला चालायचा नाही, विकून टाका आणि मोठा घ्या. मोठ्या तंबोऱ्याची किंमत आम्हाला परवडणारी नव्हती हे एक, आणि आईचा तंबोरा विकायचा हे दुसरे. तेव्हा प्रश्न असा उरला, की या तंबोऱ्याला खाली उतरवता येईल अशी तार कोणती?

मी इतिहासाचा मास्तर. पदार्थविज्ञानाशी माझा संबंध मॅट्रिकपुरता. पण या प्रश्नाला इतिहास आहे, आणि तो मोठा गमतीचा आहे. वाचकहो, तारेला दुप्पट वजन टांगले की स्वर बरोबर एक सप्तक चढतो, असे पायथागोरसच्या नावावर युरोपात शतकानुशतके सांगितले जात होते. मोठमोठ्या पंडितांनी ते लिहिले, शिष्यांनी ते पाठ केले. वजन टांगून पाहण्याची तसदी फारशी कुणी घेतली नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्लॉरेन्समधल्या एका ल्यूटवादकाने ते करून पाहिले. त्याचे नाव व्हिन्चेंझो गॅलिली, सुप्रसिद्ध गॅलिलिओचा बाप. त्याला आढळले की सप्तक चढवायला दुप्पट नाही, चौपट वजन लागते. १५८९ साली त्याने ते छापून प्रसिद्ध केले. पुढे १६३६ च्या सुमारास मेर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मगुरूने तारेची लांबी, ताण आणि जाडी यांचा हिशोब नियमांत बसवला. लांबी व ताण तेच ठेवून एक सप्तक खाली यायचे, तर त्याच धातूची तार दुप्पट जाडीची हवी.

आता हा हिशोब आमच्या तंबोऱ्याला लावून पाहू. काळी चारवरून काळी एकवर येणे म्हणजे पंचमाचे अंतर उतरणे. कंपनसंख्या दोन-तृतीयांश होते. ताण मात्र वर्गाच्या हिशोबाने घटतो, म्हणजे नऊ भागांतले चारच उरतात. निम्म्याहूनही कमी! मग तार फडफडली यात नवल ते काय? जुना ताण जसाच्या तसा हवा असेल तर तार दीडपट जाड घ्यायला हवी.

तुम्ही म्हणाल, मग अडचण कुठे आहे? दीडपट जाड तार आणा आणि लावा. मलाही तसेच वाटले होते. पण जाड तार नुसती जड नसते, ताठही असते. तार लवचिक असेल तरच तिचे वरचे सूर मूळ स्वराशी जुळून निघतात. ताठ झाली की ते थोडे चढे होतात आणि ध्वनी बोथट लागतो. इथे पितळेचे मर्म कळते. पितळ जड म्हणून खर्जाला वापरतात असे बहुतेक जण सांगतात. पण पोलादापेक्षा पितळ जड असते ते शेकडा आठ-नऊच. खरा फरक लवचिकपणाचा. तेवढ्याच जाडीची पितळी तार पोलादी तारेच्या मानाने जवळजवळ निम्मीच ताठ असते. उलट पितळेला मोठा ताण सोसत नाही, ते तुटते. म्हणून वर चढणारे जोड पोलादाचे आणि खाली राहणारा खर्ज पितळेचा, ही वाटणी ठरली. ती कुणी गणित करून ठरवली नसावी. कारागिरांच्या कानांनी ठरवली असणार.

त्या कारागिरांचे मोठे घर म्हणजे मिरज. तिथल्या फरीदसाहेबांचे घराणे मूळचे शिकलगारांचे, तलवारींना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांची मागणी सरली, आणि हे लोक मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने सतारी-तंबोरे घडवू लागले. पंढरपूरकडचे भोपळे येत, त्यांवर मिरजेत हात फिरे. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेस राहिले. १९३७ मध्ये ते गेले तेव्हा त्यांना तिथल्याच दर्ग्याच्या आवारात मूठमाती मिळाली. खाँसाहेब तंबोऱ्याची जवारी स्वतः दुरुस्त करीत, ही गोष्ट गवई मंडळी आवर्जून सांगतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

जवारी म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. पण तिचे कोडे साधे नाही. घोडीच्या किंचित फुगीर पाठीवर तार टेकते, खाली सुताचा धागा सरकवतात, आणि मग त्या एका तारेतून सुरांचा झरा फुटतो. १९२१ साली सर सी. व्ही. रामन यांनी यावर निबंध लिहिला. तार ज्या बिंदूवर छेडावी तिथे ज्या वरच्या सुरांचा शून्यबिंदू असतो ते सूर उमटू नयेत, असा जुना नियम; तंबोऱ्यात ते खुशाल उमटतात, असे त्यांनी दाखवले. आपल्या कामापुरते यातले एवढेच घ्यायचे, की जवारी त्या जाडीच्या तारेसाठी आणि त्या ताणासाठी घासलेली असते. तार बदलली की जवारी बिघडलीच म्हणून समजा.

खाली उतरण्याचा ध्यास घेऊन संबंध वाद्यच बदलणारा एक पुरुष आपल्या महाराष्ट्रात राहून गेला. उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर. पनवेलजवळ पळस्प्याला त्यांचे गुरुकुल होते. १९९० साली ते निवर्तले. रुद्रवीणेवर त्यांना ध्रुपदाचा आलाप गळ्यासारखा संथ, खोल हवा होता. त्यांनी तारा जाड घेतल्या, स्वर नेहमीपेक्षा खाली नेला. मग त्या तारांचे कंपन पेलायला भोपळे मोठे करावे लागले, दांडी जाड करावी लागली. नखीही त्यांनी सोडली आणि बोटांनी वाजवू लागले. एक तार बदलायला गेले आणि तिच्या मागोमाग सगळी वीणा बदलली.

आणि ‘जनानी तंबोरा’ हे तरी काय प्रकरण आहे? गंगूबाई हनगल तरुणपणी चढ्या, बारीक आवाजात गात. १९३० नंतरच्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐका. पुढे घशाचा आजार आणि उपचार झाला, आवाज खाली उतरला, तो असा की नवखा श्रोता विचारी, हे कोण बुवा गाताहेत? त्याच आवाजावर त्या पुढे कितीतरी दशके गायल्या. तंबोऱ्याला बाई-बुवा कळत नाही. त्याला तारेची लांबी, जाडी आणि ताण कळतो.

आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात हा विषय अचानक पुन्हा निघाला. एका विद्यार्थ्याचा बास गिटार अशीच फडफडत होती. हे वाद्य तसे कालचे; अमेरिकेत लिओ फेंडरने १९५१ मध्ये ते बाजारात आणले. सर्वांत खालची तार ‘ई’ची, सेकंदाला सुमारे ४१ कंपनांची. हल्लीची मुले ती आणखी खाली ‘डी’वर, ‘सी’वर नेतात. ‘सी’वर नेली तर ताण पाच-अष्टमांशाच्या आसपास उरतो. मी म्हटले, अरे, ही तर आमच्याच घरची गोष्ट! त्यांची ‘ई’ची तार बहुधा इंचाच्या १०५ हजारांश जाडीची असते, आणि पाच तारांच्या गिटारवर ‘बी’ची घेतात ती १३० च्या आसपास. एवढी जाड तार सलग धातूची असती तर लोखंडी सळईच झाली असती. म्हणून बारीक पोलादी गाभ्यावर दुसरी तार गुंडाळतात. वजन वाढते, ताठपणा फारसा वाढत नाही. ही युक्तीही जुनी आहे. लंडनच्या जॉन प्लेफर्डच्या १६६४ च्या संगीतपुस्तकात अशा गुंडाळलेल्या तारांची नवा शोध म्हणून जाहिरात आहे. त्या मुलाला मी सांगितले, एकच तार बदलू नकोस, पुरा संच जाड घे, म्हणजे बोटांना सगळ्या तारा सारख्या लागतील. त्याने माझ्याकडे जरा संशयानेच पाहिले.

आता आमच्या तंबोऱ्याचे काय झाले ते सांगतो. आईची खर्जाची तार २६ नंबरची होती. तारेच्या नंबराची गंमत अशी की नंबर वाढेल तशी तार बारीक होते. २६ म्हणजे सुमारे ०·४६ मिलिमीटर. दीडपटीच्या हिशोबाने २२ नंबर येतो, ०·७१. पितळेच्या गावात राहून ही तार मला नागपूरहून आणावी लागली. लावली. ताण जुन्यापेक्षा किंचित जास्तच झाला, आवाज मोठा, पण झरा फुटेना. भांड्यावर पळी आपटावी तसा नाद. शेवटी २४ नंबरची लावली, ०·५६ ची. ताण जुन्याच्या दोन-तृतीयांश. जोडाच्या पोलादी तारा ३० नंबरच्या होत्या, त्या काढून २८ च्या घातल्या. त्यांचाही ताण जुन्याच्या मानाने साधारण तेवढाच उतरला, म्हणजे चारी तारांचा तोल राहिला. जवारी एका वृद्ध कारागिराकडून घासून घेतली. त्यांनी हिशोबाचा माझा कागद पाहिलाही नाही. तार दोन बोटांत धरून वाकवली, सोडली, आणि म्हणाले, “हीच लावा.”

पंचमाची तार अजून ठरलेली नाही. गुरुजी पोलादाची म्हणतात, मुलाला पितळेची हवी आहे. तूर्त पोलादाची लावली आहे, आणि पितळेचे वेटोळे गवसणीच्या खिशात ठेवले आहे.