दूरच्या रस्त्याचे सारथी

युद्धाचा इतिहास बहुधा सेनापतींच्या नांवानें लिहिला जातो. सैन्याला अन्न आणि दारूगोळा पोंचविणाऱ्याचें नांव त्यांत क्वचितच आढळतें. महाभारतकारांनीं मात्र सारथ्याला विसरूं दिलें नाहीं. श्रीकृष्णानें अर्जुनाच्या घोड्यांचे लगाम हातीं धरले, तेव्हां सारथ्याला थोरवी आली; पण त्याच कथेंत सूताघरीं वाढलेल्या कर्णाला ‘सूतपुत्र’ म्हणून हिणविलेंहि गेलें. गरजेच्या वेळीं मान आणि गरज सरतांच अव्हेर, हा अनुभव विसाव्या शतकांतील अमेरिकेच्या कृष्णवर्णीय मोटारचालकांच्याहि वांट्यास आला.

१९४४ सालच्या ६ जूनला दोस्त राष्ट्रांचें सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलें. जुलैअखेर जर्मन फळी फुटली आणि सैन्य इतक्या झपाट्यानें पुढें सरकलें, कीं रसद पार मागें राहिली. शत्रूची कोंडी करण्यासाठीं फ्रान्सचे लोहमार्ग दोस्तांच्याच विमानांनीं आधीं उद्ध्वस्त केले होते. पुढें गेलेल्या सुमारें २८ डिव्हिजनांस रोज वीसएक हजार टन सामान लागे. तें नेण्यास मालमोटारीवांचून दुसरें साधन उरलें नव्हतें.

२५ ऑगस्टला ‘रेड बॉल एक्स्प्रेस’ सुरू झाली. सें-लोपासून शार्त्रपर्यंत दोन रस्ते केवळ लष्करी मोटारींसाठीं राखले गेले. एकानें भरलेल्या गाड्या जात, दुसऱ्यानें रिकाम्या परतत. वाट दाखविण्यास जागोजागीं लाल चकत्यांच्या पाट्या लाविल्या होत्या. चारच दिवसांनीं, २९ ऑगस्टला, १३२ तुकड्यांच्या ५,९५८ गाड्यांनीं १२,००० टनांहून अधिक माल पोंचविला. १६ नोव्हेंबरला हा मार्ग बंद झाला, तोंवर सुमारें ४,१२,००० टन माल या चाकांवरून गेला होता.

या गाड्या हांकणाऱ्यांपैकीं सुमारें तीनचतुर्थांश चालक कृष्णवर्णीय होते. अमेरिकेच्या सैन्यांत त्या काळीं गोऱ्यांच्या व काळ्यांच्या पलटणी निराळ्या असत. कृष्णवर्णीयांस बहुधा आघाडीवर न पाठवितां ओझीं उतरविणें, रस्ते बांधणें, मोटारी हांकणें अशा कामांवर नेमीत. कित्येकांनीं युद्धापूर्वीं मोटारीच्या चक्राला हातहि लाविला नव्हता. आघाडीजवळ रात्रीं पूर्ण दिवे लावण्याची सोय नव्हती. मांजराच्या डोळ्यांएवढ्या उजेडांत, पुढच्या गाडीच्या मागोमाग जावें लागे. ताशीं २५ मैलांची मर्यादा होती. पण वेळ गांठण्यासाठीं कित्येक चालक वेगाला आळा घालणारी कळच काढून टाकीत. पेट्रोलचे डबे व तोफगोळे यांचें ओझें पाठीशीं आणि डोळ्यांवर झोंप, अशी ती नोकरी होती.

१९४५ सालीं युद्ध संपलें. २६ जुलै १९४८ रोजीं अध्यक्ष ट्रूमन यांनीं सैन्यांत सर्वांस समान वागणूक देण्याचा हुकूम काढला. पण नागरी जीवनांतील दूरचा रस्ता खुला झाला नाहीं. मालवाहतुकीच्या धंद्यांत दोन प्रकारचे चालक असत: एक गांवांतल्या गांवांत माल पोंचविणारे, दुसरे शहराशहरांमधून शेंकडों मैल जाणारे. दुसऱ्या कामांत मिळकत अधिक. अनेक मोठ्या कंपन्यांत तें काम जणूं गोऱ्यांसाठींच राखलेलें होतें.

याचा पुरावा पुढें सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरांतच नमूद झाला. अशा एका कंपनीविरुद्ध सरकारनें १९६८ व १९७१ सालीं दावे लाविले. मार्च १९७१ अखेर तिच्या १,८२८ लांब पल्ल्याच्या चालकांत कृष्णवर्णीय अवघे ८ होते, आणि तेहि दावा सुरू झाल्यावर घेतलेले. त्यापूर्वींचा अपवाद एकच: शिकागो येथें १९५० ते १९५९ पर्यंत असें काम केलेला एक गृहस्थ. न्यायालयाच्या निकालांत त्याचें नांवहि नाहीं.

३१ मे १९७७ रोजीं निकाल लागला. कंपनीनें पद्धतशीर पक्षपात केला, हें न्यायालयानें मान्य केलें. परंतु दोन कामांच्या ज्येष्ठतेच्या याद्या वेगळ्या होत्या. गांवांतला चालक दूरच्या कामावर गेला, तर कामाच्या निवडीसाठीं त्याची जुनी ज्येष्ठता बाद होऊन तो यादीच्या तळाशीं जाई. ही पद्धत न्यायालयानें कायदेशीर ठरविली. भरपाई म्हणून ज्येष्ठता मिळालीच, तर ती नागरी हक्कांच्या कायद्याचा नोकरीविषयक भाग अंमलांत आला त्या २ जुलै १९६५ च्या मागें नेतां येणार नव्हती. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनीं या भागाशीं आपला मतभेद नोंदविला. त्या न्यायासनावर बसलेले ते पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश होत.

१९४४ सालीं शार्त्रच्या वाटेवर बावीस वर्षांचा असलेला चालक १९६५ सालीं त्रेचाळीस वर्षांचा झाला होता आणि निकालाच्या दिवशीं पंचावन्नाच्या घरांत होता. मधलीं वीस वर्षें कायद्याच्या हिशेबांत धरलीं गेलीं नाहींत. युद्धाच्या अंधारांत रात्रीं-अपरात्रीं गाडी हांकण्यास ज्या पिढीचे हात चालले, त्याच हातांस शांततेच्या काळांत, लख्ख उजेडांत, दूरचा रस्ता नाकारला गेला. त्या पिढीचें स्मरण करतांना वाहून नेलेल्या टनांबरोबर हीं वीस वर्षेंहि मोजलीं पाहिजेत.